कमळाचं सख्खं कोण?

लग्नं कशाकशावरून मोडतात ते मला पुरेपूर माहीत आहे. मानपानावरून मोडतात, पत्रिकेवरून मोडतात, पंगतीत जिलबी असावी की गुलाबजाम यावरूनसुद्धा मोडतात. माझं मोडायला निघालं ते वनस्पतिशास्त्रावरून, आणि मी वनस्पतिशास्त्राचीच प्राध्यापिका. एवढा अपमान माझ्या विषयानं माझा परीक्षेतसुद्धा कधी केला नव्हता.

बैठक आमच्याच घरी होती, गंगापूर रोडला. धनराजकडून त्याचे आईवडील आणि आजी, आक्काबाई, असे आले होते. धनराज एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इंजिनियर आहे. त्या दिवशी तो इस्त्रीच्या शर्टात इतका ताठ बसला होता की मला सारखं हसू येत होतं. आमच्याकडून आई, पप्पा, मी आणि खास सटाण्याहून बोलावून घेतलेले आईचे थोरले भाऊ, नवनाथमामा. पोहे झाले, चहा झाला, दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची दूरची ओळखही निघाली. पप्पांनी तारखा बघायला मोबाईल हातात घेतला होता. तेवढ्यात आक्काबाईंनी सहज विचारलं, "देवक काय हाय तुमचं?"

देवक म्हणजे घराण्याचं झाड. कुणाचं उंबर असतं, कुणाचं कळंब, कुणाचं एखादं फूल. लग्नाआधी ते आणून मांडवात पुजतात. ज्यांचं देवक एक ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही.

"कमळ," पप्पा म्हणाले.

"आमचं कुमुद. तळ्यातलं असतं ना, निळसर, ते. मग जमलं की! वेगळं हाय."

सगळे हसले. आईनं उठून पेढे वाटले. आणि नवनाथमामांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला. सटाण्याच्या शाळेत त्यांच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, मामांनी चष्मा पुसला की कुणाचं तरी उत्तर चुकलेलं असतं.

"वेगळं नाही," मामा म्हणाले. "कमळ आणि कुमुद, दोघांचं कुळ एकच. निंफिएसी. जन्मभर शिकवत आलोय मी."

आक्काबाईंचा पेढा तोंडाजवळ थांबला. धनराजच्या वडिलांनी पप्पांकडं पाहिलं, पप्पांनी पंख्याकडं.

"तसं मी देवक वगैरे मानत नाही," मामा पुढं म्हणाले. "पण तुम्ही मानता ना? मग नीट माना. अर्धवट कशाला? कुळ एक, म्हणजे भाऊबंद."

आता गंमत बघा. त्या खोलीत देवक मानणाऱ्या माणसांना काही अडचण नव्हती. अडचण काढली ती न मानणाऱ्या एकट्या माणसानं, आणि तीही विज्ञानाचा हवाला देऊन. मी चिडून म्हणाले, "मामा, हे वर्गीकरण कधीच रद्द झालं. कमळाला आता वेगळ्या कुळात, वेगळ्या गणात..."

"चैताली, मोठी माणसं बोलतायत."

"मी पीएचडी आहे यात!"

"आणि मी तुझा मामा आहे. पुरावा असेल तर दाखव, नसेल तर बस खाली. आणि एक सांगून ठेवतो, चुकीच्या उत्तराला मी मार्क देत नाही. असं लग्न ठरवलंत तर पोरीला बोहल्यावर आणायला दुसरा मामा शोधा."

दुसरा मामा मला नाही. आजोबा लवकर गेले, तेव्हापासून आईला मामांनीच वाढवलं, शिकवलं, उजवलं. पाहुणे "विचार करून कळवतो" म्हणत चपला घालून गेले. आईनं पेढ्यांचा बॉक्स परत फ्रिजमध्ये ठेवला आणि एकच वाक्य बोलली. "माझा भाऊ तुला घेऊन येणार नसेल, तर लग्न नाही."

झालं. म्हणजे आता मला घरच्यांना समजवायचं नव्हतं, सासरच्यांना समजवायचं नव्हतं, समाजाशीही भांडायचं नव्हतं. एका रिटायर्ड विज्ञान शिक्षकाला एवढंच पटवायचं होतं की कमळ आणि कुमुद एकमेकांचे कुणी नाहीत. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. हे तर माझं रोजचं काम!

खरं तर धनराजची आणि माझी ओळखही याच फुलानं करून दिली होती. त्यांच्या वसाहतीमागं एक तळं आहे. तिथल्या फुलाचा फोटो त्यानं आमच्या निसर्ग मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, "आजी म्हणते कुमुद, मित्र म्हणतात कमळ. कोण बरोबर?" मी लिहिलं, "आजी. आणि दोघांचं काही नातं नाही." एवढ्यावर बाकीच्यांनी अंगठे दाखवून विषय संपवला. यानं विचारलं, "दिसतात तर सारखी. नातं का नाही?" असा प्रश्न मला आजवर एकाही स्थळानं विचारला नव्हता. मी त्याला इतकं लांबलचक उत्तर पाठवलं की दुसऱ्या कुणी नंबर ब्लॉक केला असता. त्यानं ते दोनदा वाचलं आणि उलट शंका काढल्या. त्याच आठवड्यात मी आईला सांगून टाकलं की मुलगा मिळाला.

मामांना मी आधी फोनवर पटवायला गेले. डीएनएवरून काढलेला फुलझाडांचा अख्खा वंशवृक्ष त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांचा लगेच फोन.

"हे तू पाहिलंस का स्वतः?"

"डीएनए डोळ्यांनी दिसत नाही मामा. मशीन वाचतं."

"मग मशीनशीच लग्न कर," म्हणाले आणि फोन ठेवला.

मला आला राग. पण रागातसुद्धा मला कळत होतं की हा माणूस बरोबर बोलतोय, कारण हे मला त्यांनीच शिकवलं होतं. लहानपणी दर मेमध्ये मी सटाण्याला असायची. मामा मला ब्लेडनं फूल उभं चिरायला लावायचे आणि म्हणायचे, पुस्तकात काय लिहिलंय ते नंतर, आधी तुला काय दिसतंय ते सांग. मी आज जी काही आहे ती त्या एका वाक्यामुळे आहे. म्हणजे मामांना डोळ्यांनीच काहीतरी दाखवायला हवं होतं. आणि तसं एक होतं. परागकण!

मी धनराजला फोन केला. "रविवारी गाडी काढ. तुझ्या तळ्यातलं कुमुद हवंय, उमललेलं, पाण्यासकट."

"पाण्यासकट?"

"बादलीत!"

रविवारी सकाळी गोदाकाठच्या फुलबाजारातून मी कमळं घेतली, एकलहऱ्याहून धनराज कुमुदाची बादली घेऊन आला, आणि आम्ही सटाण्याला निघालो. बादली माझ्या दोन पायांत. हे कुमुद दुपारनंतर मिटतं, त्यामुळं धनराज घाईत, आणि घाईत म्हणून प्रत्येक गतिरोधकाला बादलीतलं अर्धा लिटर पाणी माझ्या पंजाबी ड्रेसवर. देवळ्याला पोचेपर्यंत मी कमरेपर्यंत भिजले होते आणि आम्ही दोघं इतके हसत होतो की रसवंतीवाल्यानं न मागता रस दिला.

मामा दारातच होते. त्यांनी आधी माझ्या ओल्या कपड्यांकडं, मग बादलीकडं, मग धनराजकडं पाहिलं.

"इंजिनियर साहेब, आमच्याकडं नळाला पाणी येतं हो. आणायची गरज नव्हती."

मामी आतून धावत आली. "या, या, बसा. काय माणूस शे हा! पाव्हन्याले दारात उभं करस." मामी पक्की बागलाणची, तिच्या तोंडी अहिराणीच. मामा मात्र घरातही शाळेतलं मराठी बोलतात.

मामांचा मायक्रोस्कोप गच्चीवर निघाला. त्याची गोष्ट अशी, की निरोपाच्या समारंभात शाळेनं त्यांना शाल देऊ केली, तेव्हा हे म्हणाले, शाल ठेवा, तो अडगळीतला मायक्रोस्कोप द्या. घरी आणून त्यांनी तो स्वतः दुरुस्त केला. खालच्या आरशावर ऊन धरावं लागतं, बाकी झकास चालतो.

मी कुमुदाचे पराग काचेवर झटकले, गुलाबी रंगाचा थेंब टाकला, वर झाकणकाच ठेवली. "बघा मामा. काय दिसतंय ते सांगा."

मामांनी डोळा लावला. "गोल कण. भोवतीनं एक खाच फिरलीय. डबीला झाकण बसवल्यासारखी."

"खाच किती?"

"एक म्हटलं ना."

"आता हा कमळाचा."

मामांनी डोळा लावला. स्क्रू पुढं फिरवला, मागं फिरवला. मग परत पुढं.

"तीन," शेवटी पुटपुटले. "तीन चिरा आहेत."

"आहेत ना!" मी उडीच मारली.

"नाचू नकोस. तू काच बदलली असशील." त्यांनी स्वतः नवी काच घेतली, स्वतः कमळाचा पुंकेसर चिमटीत धरला, रंगाचा थेंब निम्मा काचेवर आणि निम्मा पायजम्यावर पाडला, आणि परत डोळा लावला. "तीन," म्हणाले. आवाज जरा बारीक झाला होता.

मी सांगून टाकलं. फार पूर्वी फुलझाडांच्या परागकणांना एकच चीर असायची. मग त्यांच्यातल्या एका फांदीनं तीन चिरांचा कण काढला, आणि तिचा पुढं एवढा मोठा वंश झाला की आज आपल्या आजूबाजूची बहुतेक झाडं त्यातलीच. कमळ त्या तीनवाल्या घरातलं. कुमुद त्याच्या कितीतरी आधी वेगळं झालेलं. एकाच पाण्यात राहून दोघं सारखी दिसायला लागली, एवढंच.

"दोन फुलांवरून सिद्धांत मांडतेस? योगायोग असेल," मामा म्हणाले.

मग काय विचारता! मामीनं परसातल्या डाळिंबाचं फूल आणलं. तीन. वांग्याचं आणलं. तीन! मोहरीचं आणलं, तीन!! मामा आता प्रत्येक वेळी मोठ्यानं ओरडत होते आणि खाली गल्लीत माणसं वर बघायला लागली होती. धनराजला त्यांनी शेजारच्या वावरात पिटाळलं, डोंगळ्याचं फूल आणायला. डोंगळे म्हणजे बियाण्यासाठी लावलेले कांदे. सटाण्यात मार्चमध्ये कुठंही बघा, पांढरे गोंडे डोलत असतात. धनराज धापा टाकत गोंडा घेऊन आला.

"एक!" मामा विजयी मुद्रेनं उठले. "कांद्याला एकच चीर! म्हणजे कांदा तुझ्या कुमुदाचा भाऊ? काय बोलतेस?"

"नाही मामा. एक चीर ही जुनी चाल आहे, ती कांद्यानं सोडली नाही. धोतर नेसणारे सगळे काय एका घरातले असतात?"

मामी खुदकन हसली. मामांनी तिच्याकडं रागानं पाहिलं, तर तिनं त्यांच्या हातात जास्वंद दिली. जास्वंदीचा कण बघून मामा दचकलेच. "अरे, ही कोण? नुसते काटे! भोकंच भोकं!"

"ती तीनवाल्यांच्याच घरातली. पुढं जरा शेफारली."

आता मामाही हसले. मला वाटलं, जिंकलो. तशात मी तोंडाला लगाम घालायला हवा होता, पण विषय माझा, उत्साह माझा. मी म्हणाले, "आणि मामा, खरी मजा तर पुढं आहे. कुमुद इतकं लांबचं आहे की कमळाला गुलाब जवळचा, आंबा जवळचा, अहो, तुमचा हा कांदासुद्धा कुमुदापेक्षा जवळचा!"

मामांचं हसू गेलं. त्यांनी मायक्रोस्कोपवर फडकं टाकलं, जिना उतरले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मामीनं वांग्याचं भरीत आणि भाकरी केली होती. मामा जेवायला आले नाहीत. धनराज ताटावर मान खाली घालून बसला. मी ताट बाजूला सारलं. मी त्या माणसाला त्याच्याच गच्चीवर, त्याच्याच मायक्रोस्कोपनं, गल्ली गोळा करून हरवलं होतं. मला भयंकर वाईट वाटत होतं, आणि खरं सांगते, त्या वेळी मला लग्नाची आठवणसुद्धा नव्हती.

शेवटी मीच दार ढकललं. मामा कॉटवर बसले होते.

"किती पोरांना चुकीचं शिकवलं गं मी?"

"तेव्हा सगळं जग तेच शिकवत होतं मामा."

"जगाचं मला सांगू नकोस. फळ्यावरचं अक्षर माझं होतं."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनीच माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"बरं, ते जाऊ दे. कुमुद त्याचं कुणी नाही म्हणतेस. मग कमळाचं सख्खं कोण? की त्याला एकटं टाकलंत तुम्ही लोकांनी?"

मी जपून म्हणाले, "सिल्व्हर ओक."

"कोण?"

"सिल्व्हर ओक, मामा. आणि काश्मिरातला चिनार. डीएनए तसं सांगतो. तिन्ही एका गणात. आपल्याकडं कमळाला सिल्व्हर ओकपेक्षा जवळचं कुणी नाही."

मामा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, रडतायत की काय! ते हसत होते. हसता हसता कॉटवर आडवे झाले.

"अगं, शाळेच्या भिंतीकडेला सगळे सिल्व्हर ओक मी लावलेत! थंडीत वर्ग बाहेर घ्यायचो, उन्हाला. कमळाचा तक्ता कुठं अडकवायचो माहितीये? त्या झाडाला! खिळा ठोकून! सख्ख्या भावाच्या अंगात खिळा ठोकून मी पोरांना सांगायचो, कमळ हे कुमुदाच्या कुळातलं!"

मामी धावत आली, धनराज धावत आला, आणि मामा उठून पायात चपला सरकवत होते. "चला! चला शाळेत! आत्ता!" जेवण नाही, शर्ट नाही, गुलाबी डाग पडलेला पायजमा आणि बनियान. सटाण्याच्या रस्त्यानं पुढं मामा, मागं मी, माझ्या मागं धनराज, आणि सगळ्यात मागं मामी, हातातल्या फोनवर आईला व्हिडिओ कॉल लावून. "बघ व उज्वला, तुना भाऊ येडा व्हयी गया!"

रविवार, फाटकाला कुलूप. पण झाडं कंपाउंडला लागूनच, उंच, आणि बहरलेली! सिल्व्हर ओकचा बहर मी दरवर्षी बघते, तरी त्या दिवशी ते केशरी तुरे बघून मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडले. मामा एका झाडाच्या बुंध्यावर भिंतीवरून हात फिरवत होते. "हा खिळा. अजून आहे बघ." मग त्यांना फूल हवं झालं. खालच्या फांद्या हाताला येईनात. आम्ही नको नको म्हणेपर्यंत मामा दगडावर पाय देऊन भिंतीवर चढून बसलेसुद्धा.

"पडशात!" मामी ओरडली.

"काय झालं? कोण पडलं?" फोनमधून आई.

मामांच्या हाताला एक तुरा लागला. तो नाकाशी धरून ते भिंतीवर पाय सोडून बसले, आणि वरूनच प्रश्न विचारायला लागले. चिनार यापासून केव्हा वेगळा झाला? गुलाब कुठं फुटला? कांदा कुठं? मी खालून हात वर करकरून फांद्या दाखवत होते. मला आठवतंय, मी त्या वेळी जगातली सगळ्यात सुखी बाई होते. माझे मामा भिंतीवर, माझा धनराज शेजारी, आणि विषय फुलझाडांचा.

"आणि कुमुद?"

"अगदी खाली मामा. बुंध्याशी. पहिल्या काही फांद्यांतली एक."

"आणि बुंधा कुणाचा?"

"बुंधा सगळ्यांचा एकच," मी म्हणाले, आणि बोलता बोलताच जीभ चावली.

मामांनी भिंतीवर बसल्या बसल्या चष्मा काढला आणि बनियानला पुसला.

"एकच," ते म्हणाले. "म्हणजे मुळात कमळ आणि कुमुद एकाच घरातले. म्हणजे भाऊबंद. माझं उत्तर बरोबर, दिलेलं कारण तेवढं चुकीचं होतं."

फोनमधून आईचा हुंदका आला. धनराजनं डोळे मिटले. आणि मी, जी सकाळपासून गोड बोलत होते, भिजले होते, उपाशी होते, त्या मीच तोंड सोडलं.

"बस झालं मामा! तसं बघितलं तर वड, बाभूळ, गवत, भोपळा, सगळीच भाऊबंद! मग कुणाचंच लग्न नको! तुमचं आणि मामीचं पण मोडा! आणि उगीच कमळाला पुढं करू नका. तुम्हाला कमळाचं काही पडलेलं नाही. तुम्हाला मी जायला नकोय. तेवढं सरळ सांगा ना!"

भर रस्त्यात मामांवर ओरडणारी मी आमच्या खानदानातली पहिलीच असेन. मामी तोंडाला पदर लावून उभी राहिली.

"नकोच आहे," मामा म्हणाले.

त्यांनी हातातल्या तुऱ्याकडं पाहिलं. "कुठल्या झाडाचं नाव बदललं, कुणाचं कुळ बदललं, हे भांडून भांडून मला सांगणारं दुसरं आहे कोण? शाळेनं विचारणं सोडलं. पोरं मोठी झाली. तू तिकडं गेलीस की तुझा संसार, तुझी माणसं. मग मी इथं गच्चीवर कुणासाठी आरसा उन्हात धरू?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. मला रडू फुटलं, आणि रडता रडता हसूही आलं, कारण मला एकदम नकाशा दिसला.

"मामा, मी गंगापूर रोडवरून एकलहऱ्याला चाललेय. ऑस्ट्रेलियाला नाही! शहर बससुद्धा जाते!"

"हो मामा," धनराज पहिल्यांदाच तोंड उघडून बोलला. "आणि आमच्या तळ्यात आणखी काय काय उगवलंय. तिला पाण्याखालचं काही ओळखू येत नाही. ती म्हणते, हे मामांना विचारायला लागेल."

हे मी कधीही म्हटलं नव्हतं. पाण्याखालच्या वनस्पतींवर माझे चांगले तीन शोधनिबंध आहेत! मी त्याच्याकडं पाहिलं, तर हा इंजिनियर चेहऱ्यावरची रेषही न हलवता मामांकडं बघत होता. मी ओठ मिटून घेतले.

"ओळखू येत नाही?" मामा म्हणाले.

"अजिबात नाही," मी म्हणाले.

"खरं सांगतेस?"

"हायड्रिला कुठली नि व्हॅलिसनेरिया कुठली, माझा सारखा गोंधळ होतो मामा."

माझ्या विद्यार्थ्यांनी हे ऐकलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. मामा मात्र भिंतीवर सरसावून बसले. "सोपं आहे. पानं खोडाभोवती वर्तुळात आहेत का बघायचं. मी सांगतो, दाखवतो तुला, थांब, उतरतो." आणि उतरण्यासाठी त्यांनी खाली पाहिलं. चढताना दिसलं नव्हतं ते आत्ता दिसलं. भिंत पुरुषभर उंच होती.

मामांनी एक पाय खाली लांबवला, तो हवेत राहिला. दुसऱ्या पायातली चप्पल गळून रस्त्यावर पडली. जन्मभराचं शाळेतलं मराठी त्यांच्या तोंडून एका दमात उडालं.

"धर ना भो! मना पाय सटकी राहिना!"

धनराजनं झेप घेऊन त्यांचा पाय खांद्यावर घेतला आणि दोन्ही हातांनी कमरेला मिठी मारली. फोनमध्ये आता फक्त आभाळ दिसत असणार, कारण आई ओरडत होती, "अरे काय चाललंय? भाऊ कुठं आहे? कुणीतरी सांगा!"

"हळू रे धनराज, हळू!" मामांनी त्याच्या डोक्याला घट्ट धरलं. सकाळपासून त्यांनी त्याला नावानं हाक मारली ती ही पहिलीच. "पाय मोडू नको मना. मले पोरले बोहल्यावर आननं शे."

मी ते ऐकलं आणि धावत जाऊन त्यांचा दुसरा पाय धरला.